लाइन क्लिअर

मिरजेला मामांच्या पलंगाशेजारी एक तिपाई आहे. तिच्यावर तांब्या-भांडं, चष्म्याचं घर, बामची बाटली आणि एक पांढरा डबा अशी मंडळी रात्री मुक्कामाला असतात. पहिली तिघं घरचीच. डबा मात्र भलत्याच लग्नघरात शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. काही खात नाही, पीत नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा लावून नुसता सौजन्यानं बसलेला असतो. रात्री एक ते चारच्या दरम्यान, मामांचं घोरणं तार सप्तकात पोचलेलं असताना, तो मामांच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेल्या पेसमेकरला हाक मारतो. ही हाक कुणालाही ऐकू येत नाही. पेसमेकरही झोपमोड झाल्याची तक्रार न करता दिवसभराचं सगळं सांगून टाकतो. किती ठोके स्वतःचे, किती उसने, बॅटरी किती उरली, तार जागेवर आहे की नाही. डबा ते ऐकून घेतो, मोबाइलच्या जाळ्यातून दूर कुठल्याशा संगणकाकडे धाडून देतो आणि पुन्हा मुगाएवढा होतो. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मामा म्हणतात, “रात्री बोलणं झालेलं दिसतंय.” काय बोलणं झालं ते त्यांना ठाऊक नसतं. हृदय त्यांचं, गुपितं त्यांची, आणि या सगळ्या व्यवहारात ज्यांना काही कळवलं जात नाही असे एकटे तेच.

मामा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. पुणे-मिरज मार्ग एकेरी होता तेव्हाचे. आदर्की, वाठार, ताकारी, भिलवडी ही त्यांच्या बदल्यांची जपमाळ. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो तो गाड्या बघायला नव्हे, तर त्यांच्या खोलीतली ती लोखंडी पेटी बघायला. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला ब्लॉक म्हणायचं आणि त्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी सोडायची, असा नियम. मामा पेटीवरून घंटी देत. डोंगरापलीकडच्या, वर्षवर्ष तोंड न दिसणाऱ्या दुसऱ्या मास्तराच्या खोलीत ती वाजे आणि तो तितकेच ठोके परत देई. मग विचारणा, मग होकार, आणि मग पेटीच्या पोटातून खळ्‌कन लोखंडी गोळा बाहेर पडे. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला आणि कडं ड्रायव्हरच्या हातात. गोळा हाती आल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. याचं नाव लाइन क्लिअर. कधीमधी गोळा पेटीत अडकून बसे. मग मामा सालपे स्टेशनच्या मास्तरांना फोन लावून विचारत, “काय हो, गोळा अडकला का?” आवाजात अशी काळजी, की जणू तो त्या मास्तरांच्या घशातच अडकला आहे.

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मी मार्केटात मेथीची जुडी निवडता निवडता मामा खाली बसले आणि बसल्याचे आडवे झाले. भाजीवाल्या मावशींनी मेथीवर मारायचं तेच पाणी त्यांच्या तोंडावर मारलं, तेव्हा ते मेथीसारखेच थोडे टवटवीत झाले. इस्पितळात नाडी भरली चौतीस. डॉक्टर म्हणाले, “हार्ट ब्लॉक आहे. कम्प्लीट.” आपल्याकडे ब्लॉक म्हटला की रक्तवाहिनीत साचलेली चरबी डोळ्यांपुढे येते. मामीनं तर तिथल्या तिथे गेल्या तीस वर्षांतल्या बटाटेवड्यांचा हिशेब मांडायला घेतला. डॉक्टरांनी तिला थांबवलं. हा नळ तुंबण्यातला प्रकार नव्हे, विजेतला आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून दर ठोक्याला विजेचा एक इशारा निघतो आणि मधल्या एका गाठीतून खालच्या कप्प्यांत उतरतो. मामांचा इशारा निघत होता, पण खाली पोचत नव्हता. वाट बघून कंटाळलेले खालचे कप्पे मिनिटाला तीस-चाळीसच्या विलंबित लयीत आपले आपण चालले होते, वरच्या हुकमाशी काडीचा संबंध न ठेवता. हे ऐकताना मामांच्या नाकात नळी होती, हाताला सुई होती आणि चेहऱ्यावर जुनी ओळख पटल्याचा आनंद होता. “म्हणजे वरचा मास्तर घंटी देतोय आणि खालचा पोच देत नाहीये.” डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, “अगदी तसंच.” “मग खालच्यानं गाड्या सोडल्याच कशा?” प्रश्न शिस्तीचा होता. त्याला वैद्यकशास्त्राकडे एवढंच उत्तर होतं, की सोडल्या म्हणून तुम्ही आहात.

हृदयाच्या बाबतीत मराठी माणूस तसाही मुळात गोंधळलेला आहे. काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतो खरं, पण जुने कोश उघडले तर काळीज म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात आजही काळीज मागितलं तर तागडीत पडतं ते यकृतच. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या प्रेमात, भीतीत आणि लेकीच्या पाठवणीत आपण ज्याचं पाणी पाणी केलं, ते इंद्रिय पित्त तयार करण्याच्या कामात गुंतलेलं होतं आणि त्याला यातलं काही माहीतही नव्हतं. पेसमेकरला असा मोघमपणा परवडत नाही. पंचवीस-तीस ग्रॅमचा तो चपटा जीव हृदयाच्या खोलीबाहेर रात्रपाळीच्या माणसासारखा बसून असतो. ठोका वेळेवर आला तर गप्प राहतो, नाही आला तर हलकेच एक टिचकी मारतो. आणि ठोका चुकला की चुकल्याची नोंद करतो. कवी ज्याला ‘त्या एका सांजवेळी’ म्हणून सोडून देतात, तिथे हा तारीख, तास आणि मिनिट लिहून ठेवतो.

मामा घरी आल्यावर संध्याकाळी त्यांना काहीतरी वाचून दाखवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. रेल्वेच्या माणसाला हृदयाचा इतिहास सांगायचा तर तो तारेवरूनच सांगावा लागतो, आणि गंमत म्हणजे तो खरोखरच तारेवरून सुरू होतो. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइन्टहोवेन नावाचे प्राध्यापक होते. हृदयाची वीज कागदावर उतरवणारं यंत्र त्यांनी केलं, पण ते अडीच क्विंटलांच्या वर भरणारं. ते इस्पितळात न्यायचं कसं? त्यापेक्षा हृदयालाच तारेवरून इकडे आणावं, असं त्यांनी ठरवलं. १९०५ साली इस्पितळापासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत त्यांनी टेलिफोनच्या तारेतून ठोके आणून उतरवून घेतले. रुग्णानं तिकडे मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायचं आणि इकडे लाटा उमटायच्या. २२ मार्चला पहिला आलेख आला तो एका चांगल्या ठणठणीत गृहस्थाचा. त्याच्या लाटा जरा जास्तच उंच आल्या. याचं कारण असं देण्यात आलं, की हा मनुष्य प्रयोगशाळेतून इस्पितळापर्यंत सायकल मारत गेला होता. ठोके तारेवरून आले, पण ते द्यायला माणसाला सायकलवरूनच जावं लागलं. हे मामांना इतकं आवडलं, की पुढचे दोन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सायकल सांगत होते.

मामीला दुसरी गोष्ट आवडली, आणि तिला आवडली म्हणजे तिनं तिच्यातली खोट काढली. १९५८ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमजवळ शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर आर्ने लार्सन नावाच्या माणसाला लावला. त्यालाही मामांसारखाच ब्लॉक, आणि दिवसातून वीस-वीस वेळा शुद्ध हरपायची. शल्यविशारद ओके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे तयार यंत्र नव्हतंच. लार्सनची बायको एल्से-मारी त्यांच्या मागेच लागली, तेव्हा एल्मक्विस्टनं सुटे भाग जुळवले आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते राळेत ओतले. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढे लार्सननं आयुष्यभरात दोन डझनांच्या वर पेसमेकर वापरले आणि तो २००१ साली, ८६ व्या वर्षी गेला. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही जाऊन चुकले होते. “म्हणजे गाडी दोन्ही मास्तरांच्या पुढे गेली,” मामा म्हणाले. मामी कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, “मागे लागली ती बाई. डबी रिकामी करून दिली असेल तीही तिनंच. आणि नाव कुणाचं झालं?” कोथिंबिरीच्या काड्यांकडे बघत आम्ही दोघे गप्प बसलो.

त्यानंतरचा टप्पा टेलिफोनचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतले रुग्ण मनगटांना पट्टे बांधून फोनचा रिसीव्हर एका छोट्या यंत्रावर ठेवत आणि छातीवर लोहचुंबक धरत. चुंबकाखाली पेसमेकर एका ठरावीक गतीनं चालू लागतो, आणि त्या गतीवरून पलीकडच्या माणसाला बॅटरीत किती जीव उरलाय ते कळतं. हे वाचताना मला आमच्याकडचा त्या काळातला ट्रंक कॉल आठवला. समजा, मामा भिलवडीहून पुण्याच्या डॉक्टरांना हृदय ऐकवताहेत, दहा-बारा ठोके कसेबसे पोचलेत, आणि तेवढ्यात मधून ऑपरेटरचा आवाज येतो, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” असल्या प्रश्नाला कुठल्या हृदयानं नाही म्हणावं?

आताचा डबा या सगळ्यांचा पणतू. त्याचं नि पेसमेकरचं कुजबुजणं एफएम रेडिओच्या चौपट वरच्या पट्टीत, चारशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि दोन-तीन मीटरच्या आतच ऐकू जातं. त्यामुळे डबा पलंगापाशी हवा आणि त्याचा प्लग भिंतीत हवा. यातली दुसरी अट मामीच्या मिक्सरला मान्य नव्हती, कारण खोलीतली ती एकच प्लगची जागा विश्वासू होती. पहिल्या महिन्यात खोबऱ्याच्या चटणीपायी मामांचं हृदय तीनदा बेपत्ता झालं. पुढे एकदा दोघं माझ्याकडे पुण्याला आली. पाचव्या दिवशी इस्पितळातल्या मुलीचा फोन आला. “काका, चार दिवस तुमच्याकडून काहीच आलेलं नाही.” “मी पुण्याला आहे.” “आणि डबा?” “तो मिरजेला. घर राखायला ठेवलाय.” आम्ही हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला ते बंद घर दिसत राहिलं. खिडक्या लावलेल्या, पलंगावर चादर ओढलेली, आणि रात्री एक वाजला की त्या अंधारात रिकाम्या उशीला कुणीतरी हाका मारतंय. कुत्र्यांना घरी ठेवून गेलं की ती जेवत नाहीत म्हणतात. डब्यांचं काय होतं ते कुणी बघितलंय?

कधीतरी मी त्यांना डिक चेनींची हकिकत सांगितली. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असताना, २००७ साली, त्यांच्या छातीतल्या हृदययंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी बंद करून टाकली होती, कुणी शत्रू त्या वाटेनं आत शिरू नये म्हणून. मामा काळजीत पडल्यासारखं करून म्हणाले, “आपलंही बंद करायचं का? कुणी शिरलं म्हणजे?” मामी म्हणाली, “पन्नास वर्षं मी प्रयत्न करतेय. शिरून दाखवू दे कुणाला.”

घोळ झाला तो एका फोनवरून. डॉक्टरांनीच केला होता, आणि मायेनंच. “बारा तारखेला पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी तुमच्या हृदयाचा वरचा कप्पा काही मिनिटं भरधाव सुटला होता. काही जाणवलं का?” मामा झोपेत होते. त्यांना काहीही जाणवलं नव्हतं. पण स्टेशन मास्तराच्या आयुष्यात कारणाशिवाय नोंद म्हणजे चौकशी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि तारीख, वेळ, कारण असे रकाने पाडले. रेल्वेतलं त्यांचं ट्रेन सिग्नल रजिस्टर हुबेहूब तसंच असायचं. आता डबा एक बाजू सांगणार आणि मामा दुसरी. ‘रात्री ११.४०, नातवाचा दहावीचा निकाल उद्या.’ ‘सायं. ६.१५, पाणीपट्टी.’ ‘दुपारी ४.०५, भैरवी. रेडिओवर. अवेळी.’ पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी ते रजिस्टर शिष्टाचार म्हणून चाळलं. दुसऱ्या वेळी चष्मा लावून वाचलं. एका दुपारच्या आलेखात अवचित टेकडी दिसत होती. “या दिवशी धावला होतात का?” पेसमेकरच्या पोटात हालचाल ओळखणारा एक कण असतो. अंग हलू लागलं की माणूस कष्ट करतोय असं समजून तो ठोके वाढवतो. मामांनी बोट फिरवत नोंद काढून दाखवली, ‘सांगली रस्ता. मी बसलेला. रिक्षा धावत होती.’

हाच कण माणूस दिवसातून किती वेळ हिंडला-फिरला तेही मोजतो. त्यानंच मामांना अडचणीत आणलं. मागच्या हिवाळ्यात मामी बेळगावला बहिणीकडे गेली होती, तिच्या मोतीबिंदूसाठी. दहा दिवस. पुढच्या अहवालात मामांचं रोजचं तीन तासांचं हिंडणं एकदम तासाच्या खाली आलेलं दिसलं. सलग दहा दिवस सपाट रेघ आणि अकराव्या दिवशी पुन्हा उभी. डॉक्टरांनी विचारलं, मामांनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्या दहाही तारखांपुढे एकच शब्द होता. गुडघा. गुडघा. गुडघा. एकाखाली एक, वळणदार अक्षरात, कुठेही ‘वरीलप्रमाणे’ न लिहिता. परतताना रिक्षात मामीनं ते पान उघडून बराच वेळ वाचलं. मग रजिस्टर मिटून पिशवीत ठेवत म्हणाली, “गुडघा बेळगावला आला होता वाटतं.” मामा बाहेर बघत होते. रस्ता खराब होता. त्या वेळी वाढलेल्या ठोक्यांचं कारण त्यांनी ‘रिक्षा’ असं लिहिलं. ते मी नंतर पाहिलं.

एवढं सगळं असून मामांचं डब्याशी एका मुद्द्यावर कधीच पटलं नाही. डबा बसवताना इस्पितळात सांगितलं होतं, की रात्रभर कुणी पडद्याकडे डोळे लावून बसलेलं नसतं. आलेली माहिती कामाच्या वेळेत बघतात. छातीत दुखलं, चक्कर आली तर डब्याची वाट न बघता सरळ इस्पितळ गाठायचं. दुरून नुसतं वाचता येतं, पेसमेकरमध्ये काही बदलायचं तर तुम्हालाच यावं लागतं. हे सगळं मामांना पटलं. बॅटरी अजून नऊ वर्षं जाईल हेही पटलं. (“म्हणजे पंच्याऐंशीपर्यंतचं लाइन क्लिअर मिळालं.” “बॅटरीचं,” मामी म्हणाली.) पटलं नाही ते पुढचं, की सगळं ठीक असेल तर कुणीही काहीही कळवणार नाही. शांतता हीच खुशाली. मामा अस्वस्थ झाले. घंटी दिली की घंटी परत आली पाहिजे. त्यांच्या सगळ्या नोकरीत पलीकडून काहीच न येणं याचा अर्थ एकच होता, तार तुटली. “रोज रात्री माझं हृदय पाठवतोय,” ते मला म्हणाले, “आणि पोच नाही रे.”

म्हणून त्यांनी माझ्याशी ठरवून घेतलं. रात्री दहाला मी त्यांना दोन घंट्यांचा मिस्ड कॉल द्यायचा, त्यांनी मला दोन परत द्यायच्या. फोन उचलायचा नाही. घंटीवर बोलत नसतात. मी हे रोज करू लागलो, आणि खरं सांगायचं तर जरा फुशारकीनंच. डब्याला जमत नाही ते आपण करतो, म्हाताऱ्या माणसावर लक्ष ठेवतो, असं चारचौघांत सांगूनही झालं होतं. मामेभाऊ बंगळूरहून म्हणाला, “तू आहेस म्हणून निश्चिंत आहे,” तेव्हा मी नको नको म्हणत ते ठेवून घेतलं.

मागच्या महिन्यात एकदा कणकण वाटली म्हणून मी साडेनवालाच आडवा झालो. फोन बाहेरच्या खोलीत राहिला. काही वेळानं बायको तो घेऊन आत आली, चेहऱ्यावर कोडं घेऊन. “मामा आहेत. म्हणतात बोलायचं नाहीये, फक्त पोच पाहिजे.”

मी फोन कानाला लावला. पलीकडून मालगाडी चाललेली ऐकू येत होती, लांबलचक, न संपणारी. ती संपेपर्यंत मामा थांबले. मग सालप्याच्या मास्तरांना विचारायचे त्याच आवाजात म्हणाले, “काय हो भाचेबुवा, गोळा अडकला का?”

“थोडा ताप आहे, मामा.”

“किती?”

“शंभर असेल.”

“असेल म्हणजे? लावून बघितलास का?”

मी थर्मामीटर मागवला. तो लावून होईपर्यंत दोन्हीकडे कुणी बोललं नाही. शंभर पॉइंट चार. पलीकडे पुठ्ठा उघडल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण. “रात्री दहा बावीस,” लिहिता लिहिता मामा पुटपुटले. “कारण, भाच्याला ताप. एकशे चार दशांश... नाही नाही, शंभर पॉइंट चार.” खाडाखोड त्यांना आवडत नाही. थोडा वेळ नुसतं खरखर ऐकू येत राहिलं.

“झोप आता,” ते म्हणाले. “सकाळी सहाला दोन घंट्या दे.”